शिवारातले कान

झाड ओरडतं, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एका सरकारी प्रशिक्षणात कळलं. त्याआधी तीस वर्षं मी तलाठी म्हणून पिकांच्या नुकसानीचे पंचनामे लिहीत होतो आणि झाडं गप्प असतात अशाच समजुतीत होतो. आता मी सत्तावन्न पूर्ण केलीत. पुढे जे लिहितोय ते लिहिताना मला किळस येते. थोडी त्या यंत्राची, बरीचशी गावाची आणि उरलेली सगळी माझी.

प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात होतं. कंपनीकडून आलेल्या एका चुणचुणीत मुलीने टेबलावर कुंडीतलं डाळिंबाचं रोप ठेवलं, त्याच्याशेजारी बोटभर लांबीचं एक काळं यंत्र उभं केलं आणि कात्रीने एक फांदी कापली. स्पीकरमधून तडतड सुरू झाली, गरम तेलात मोहरी टाकावी तशी. ती म्हणाली की हा आवाज झाडाचाच आहे, यंत्राने फक्त आपल्या कानाला झेपेल एवढा खाली आणलाय. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. मधल्या केसासारख्या नळ्यांत पाण्याची अखंड दोरी ताणलेली असते. मुळाला पाणी कमी पडलं, किंवा नळीच कापली गेली, की दोरी तुटते. तुटल्या जागी हवेचा बुडबुडा होतो आणि तो होताना टक् असा आवाज येतो. माणसाला तो ऐकू येत नाही, वटवाघळाला येतो. सुखात असलेलं झाड तासाला एखाददुसरा टक् करतं. संकटातलं झाड तीस-चाळीस.

सरकारने हे यंत्र शेतजमिनीच्या प्रत्येक गटात खांबावर बसवलं. लोकांनी त्याला कान म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हीही कागदोपत्री तेच लिहू लागलो. गारपीट झाली, वादळ आलं, की तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत कान ऐकणार. पहिले दोन दिवस सोडायचे, कारण वाऱ्यापावसाचा गोंगाट असतो. तडतडीवरून काढलेलं शेताचं नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर गेलं की मदत आपोआप खात्यावर. तलाठ्याने फोनवर फक्त ‘सहमत’ दाबायचं.

मला केवढा आनंद झाला होता. पंचनाम्याचं काम किती घाणेरडं होतं ते मीच जाणतो. दोनशे गट, पंधरा दिवस, आणि प्रत्येक बांधावर कुणीतरी हात जोडून उभा. मी पैसे कधी खाल्ले नाहीत, पण कोंबड्या खाल्ल्या. खोटं कशाला बोलू?

कोंबडी न खाणारा एकच माणूस आमच्या बोरजाईत होता, महिपती ढोबळे. सगळे त्यांना आबा म्हणतात. वय अडुसष्ट, गट नंबर एकशे बेचाळीस, ओढ्याकाठी तीन एकर डाळिंब. बावीस वर्षं ते माझे पंच होते. दुसऱ्याच्या रानात पंच म्हणून पाय टाकला की पंचनाम्यावर सही होईपर्यंत ते त्या रानातलं पाणीसुद्धा पीत नसत. उन्हात घसा सुकला तरी स्वतःची बाटली काढायचे. त्यांनी चार झाडं पडली म्हटलं की चारच पडलेली असायची. माझ्या दप्तरात जेवढं खरं असेल तेवढं त्यांच्यामुळे आहे.

पहिल्या वर्षी कानांनी कमाल केली. एका वादळात आठ दिवसांत मदत आली आणि गावाने खांबांना हार घातले.

दुसऱ्या वर्षी गंमत झाली. आमच्याकडे डाळिंबाला ताण देतात. म्हणजे बहार धरायच्या आधी महिना-दीड महिना झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. झाड घाबरतं, पानं पिवळी पडतात आणि मग पाणी सोडलं की जीव वाचवायच्या घाईने भरभरून फुलतं. पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारा मृग बहार धरणारे एप्रिल-मेमध्ये ताण देतात. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कान बनवणाऱ्यांना मात्र ते कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण त्यांनी यंत्र कुंडीतल्या रोपांवर शिकवलं होतं. त्या मे महिन्यात नुसती धूळ उडवणारी वावटळ आली, महसूल मंडळात वादळाची नोंद झाली, आणि ताणावरची सगळी रानं कानाला मरणाच्या दारात ऐकू आली. पान न हललेल्या बागांना भरघोस मदत मिळाली.

फोनवर आकडे बघताच मला कारण कळलं होतं. एक अर्ज लिहिला असता तर तिथेच थांबलं असतं. पण माझ्या बायकोच्या, रजनीच्या नावावर शेजारच्या गावात दोन एकर डाळिंब आहे, माझ्याच सजात, म्हणजे माझ्याच दप्तराखालच्या गावांत. बदली टाळून टाळून मी इथे कसा राहिलो ते विचारू नका. रजनीचं रानही तेव्हा ताणावर होतं. मी सहमत दाबलं, दोनशे वेळा, आणि त्यातलं एक आमच्या घरचं.

त्यानंतर गाव शहाणं झालं. सोसायटीचे चेअरमन दिगंबर शेंडगे यांनी पारावर बसून लोकांना शास्त्र समजावलं, आणि त्या कंपनीच्या मुलीपेक्षा चांगलं समजावलं. ताण लांबवायचा, पण पानं गळू द्यायची नाहीत. पान गेलं की पाणी ओढणारं कुणी राहत नाही, दोरी सैल पडते आणि झाड गप्प होतं. तेव्हा पानं हिरवी असतानाच खोडाला कोयत्याने खाचा द्यायच्या, दर खोडाला तीन, आणि वर शेण थापायचं म्हणजे कुणाला दिसत नाही. कान झाडं मोजत नाही, टक्-टक् मोजतो, म्हणून सगळ्या झाडांना हात लावायचीही गरज नाही. खांबाजवळच्या चार ओळी पुरतात. फोनवर हवामानाचा इशारा आला की गावात कोयत्यांना धार लागायची. ज्यांनी ती झाडं काठीला बांधून, फडक्याने सावली करून वाढवली होती तीच माणसं त्यांना वाकून खाचा द्यायची आणि खाचा देताना विड्या ओढायची. मी बांधावरून जाताना शेण थापलेली खोडं बघायचो, रजनीच्या रानातलीही, आणि मान वळवायचो.

आबा आंबे बहार धरायचे, त्याचा ताण हिवाळ्यातच संपतो. उन्हाळ्यात त्यांच्या झाडांवर फळ असायचं, म्हणून पाणी वेळच्या वेळी. दोन वर्षं त्यांचा कान शांत होता आणि त्यांना काही मिळालं नाही. त्यांनी तक्रारही केली नाही. नुकसान न्हाई तर मदत कशाची, असं म्हणाले आणि ठिबकच्या नळ्या साफ करत बसले.

मग यंदा एप्रिलच्या शेवटी खरी गारपीट झाली. गारांचा पट्टा अरुंद असतो. हा पट्टा ओढ्याच्या अंगाने आला आणि आबांच्या रानावरून गेला. बाकी गावात नुसता पाऊस. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा एकशे बेचाळीसमध्ये फक्त काठ्या उभ्या होत्या. पेरूएवढी झालेली फळं चिखलात फुटून पडली होती आणि त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या. खालच्या अर्ध्या रानात ओढा घुसून गुडघाभर गाळ आणि गोटे सोडून गेला होता. नऊशे झाडांपैकी बांधावरच्या कडुलिंबांच्या आडोशाला असलेली एक्केचाळीस झाडं तेवढी पानांसकट वाचली होती. आबा त्यांच्याभोवती आळी करत होते.

आबांना कुणाचं देणं नव्हतं. त्यांची अडचण वेगळी होती. ते गोटे आणि तो गाळ पावसाळ्याच्या आत निघाला नाही तर ओढा पुढच्या पुरात तीच वाट धरणार होता आणि तीन एकर रान कायमचं ओढ्याचं होणार होतं. गाळ काढायला सरकारी यंत्र मिळतं, पण मदतीच्या यादीत नाव असेल त्यालाच.

चौथ्या दिवशी मी फोनवर यादी उघडली. शेंडग्यांचं रान एकसष्ट टक्के. रजनीचं रान अठ्ठावन्न. गट एकशे बेचाळीस, चार टक्के, आणि समोर हिरव्या अक्षरांत ‘निरोगी’.

मी तो शब्द कितीतरी वेळ बघत बसलो. चूक कुठे होती ते उघड होतं. गारांनी पानं ओरबाडली, पानांबरोबर ओढ गेली, आणि मेलेल्या झाडांनी कानाला काहीच सांगितलं नाही. यंत्राच्या लेखी गप्प म्हणजे सुखी.

नियमात एक जुनी वाट शिल्लक होती. तलाठी असहमत असेल तर हाताने पंचनामा करून जोडायचा. त्यावर त्याच शिवारात जमीन असलेल्या दोन पंचांच्या सह्या. दोनच. मी तीन दिवस गावभर फिरलो. कुणी म्हणालं पाठ धरलीय, कुणी म्हणालं पावणे आलेत. एकाने तर मला बघून गोठ्यात जाऊन कडी लावली. ज्यांच्यासाठी आबांनी बावीस वर्षं उन्हात बांध तुडवले होते त्या प्रत्येकाच्या दारात मी उभा राहिलो. शेवटी शेंडग्यांनीच मला बसवून घेतलं, चहा दिला आणि मोकळेपणाने सांगितलं.

“भाऊसाहेब, आबाच्या रानात कान चुकला असं तुमी लिवलं, की वरचा साहेब इचारणार, मग दुसरीकडं बरोबर कशावरनं? मग जीप येणार, खोडावरचं श्याण खरवडणार. पयला गट कुणाचा काढतील, आमचा का तुमच्या मालकिणीचा?”

हे बोलताना ते हसतही नव्हते. मी चहा पूर्ण प्यायलो, कप खाली ठेवला आणि उठलो.

घरी रजनीला सांगितलं. मला वाटत होतं ती आबांचं नाव ऐकून हळहळेल. हळहळलीही. आबांनी आमच्या मुलीच्या लग्नात दोन दिवस वाढप्यांवर देखरेख केली होती, त्याची तिनेच आठवण काढली. मग तिने विचारलं की चौकशी लागली तर पेन्शन थांबते का. मी म्हटलं, थांबते. ती भाजी निवडत होती, ती तशीच निवडत राहिली.

“आबांचं लिहायचं तर आपलंही लिहावं लागेल,” ती म्हणाली. “लिहिणार आहात का? नसाल तर दुसरं काहीतरी बघा, पण त्यांना तसंच सोडू नका.”

दुसरं काहीतरी काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात मला त्या दिवसाइतकी आमची दोघांची लाज कधी वाटली नाही, आणि तरी आठव्या दिवशी सकाळी मी आबांकडे गेलो तो तेच सांगायला.

आबा गोटे वेचून बांधावर रचत होते, हाताने. मी त्यांना सगळं समजावलं. कानाला मेलेलं झाड ऐकू येत नाही. जिवंत झाडाला खाच दिली तर येतं. एक्केचाळीस झाडं आहेत, खांब जवळच आहे, अजून दोन दिवस आहेत. एवढी झाडं गेली तरी रान वाचेल. रान राहिलं तर पुन्हा लावता येतील. मी अगदी समजूतदार आवाजात बोलत होतो, दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात तसा.

त्यांनी पायाजवळचा गोटा उचलला. मग त्यांनी विचारलं की पंच मिळाले नाहीत का. मी नाही म्हटलं. एकही नाही? मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी हातातला गोटा जपून रचावर ठेवला आणि खोपीतून कोयता आणला.

“फांदी धरा,” ते म्हणाले.

मी फांदी धरली. त्यांनी वाकून पहिल्या झाडाच्या खोडाला खाच दिली, तीन बाजूंनी, खोलवर. मग दुसऱ्या झाडाला. शेण थापलं नाही. एकेका झाडाला ते थोडं थांबून बघायचे आणि मग कोयता मारायचे. त्यांनी मला एकाही झाडापासून दूर जाऊ दिलं नाही, प्रत्येक फांदी मलाच धरायला लावली. मला काही ऐकू येत नव्हतं. खिशातला फोन मात्र दर झाडाला आकडा वाढवत होता. सव्विसाव्या झाडाला तेहतीसच्या वर गेला. मी म्हटलं, आबा, बास, झालं. ते थांबले नाहीत. एक्केचाळिसाव्या झाडाला आकडा बावन्न झाला आणि ‘निरोगी’ जाऊन तिथे लाल अक्षरांत ‘तीव्र आपत्तीग्रस्त’ आलं. मी त्यांच्यासमोरच सहमत दाबलं.

आबा खाली बसले. घाम पुसला. मग म्हणाले, “आता लिवा.”

काय लिहू, मी विचारलं.

“मी माझ्या हातानं एक्केचाळीस जित्ती झाडं मारली, तारीख, येळ, समदं. आन का मारली ते बी. मालक पंच होत न्हाई ते मला ठाऊक हाय. जबाब म्हणून घ्या. गारांनी गेली ती येगळी लिवा, ही येगळी लिवा. माझ्या नावावर खोटं कधी गेलं न्हाई, आता बी जायचं न्हाई.”

मी त्यांना खूप समजावलं. हा कागद वर गेला तर गाळ काढायचं यंत्र येणार नाही, आलं तरी परत जाईल. ते म्हणाले, गाळ काढायचा हक्क मला खऱ्या गारांनी दिलाय, ते बी त्यात लिवलंय की. साहेब माणूसच असंल, वाचंल. तुमी कागद दिला न्हाई तर मी सोता नेऊन दीन. मी बांधावर बसून लिहिलं. त्यांनी दोनदा वाचून घेतलं, एके ठिकाणी मी ‘नाइलाजाने’ लिहिलं होतं ते खोडायला लावलं आणि सही केली.

मी तो जबाब तालुक्याला नेऊन दिला. आतून मला एक आशा होती, ती सांगतो. मला वाटत होतं हा एक कागद सगळं उघडं करेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

नायब तहसीलदार बाई तरुण होत्या, हुशार होत्या. त्यांनी जबाब नीट वाचला आणि कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने पंधरा मिनिटं पडद्यावर आलेख दाखवले. यंत्रात दोष नाही, असं त्याचं म्हणणं. यंत्राने आधी बरोबर शांतता नोंदवली आणि नंतर बरोबर आवाज नोंदवला. माणसाने यंत्राला फसवलं आणि लेखी कबूलही केलं. गारांनी आधीच बाग गेली होती हे त्यात लिहिलंय, असं मी म्हणालो. बाईंनी विचारलं, त्याला पंचनामा जोडलाय का. नव्हता. त्यांनी मान हलवली, पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

“उबाळे, तुमच्या सजात आणखी कुठल्या गटात असा प्रकार आढळलाय का?”

पेन कागदावर टेकलेलं होतं. बोरजाईचे आणि शेजारच्या दोन गावांचे गट नंबर मला पाठ होते. एकसष्ट टक्क्यांचा कुठला, अठ्ठावन्नचा कुठला, कुठल्या बांधावरून कुठल्या ओळीत शिरलं की शेण दिसतं, सगळं मी चालत दाखवू शकलो असतो.

“नाही, मॅडम,” मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहून घेतलं. आपत्ती मदतीत फसवणूक केल्याचं सबंध तालुक्यातलं ते एकच प्रकरण आहे, गट नंबर एकशे बेचाळीस. बाकी सगळ्यांची मदत जमा झाली. शेंडग्यांनी पारावर नवा फरसबंदी कट्टा बांधून दिला. रजनीच्या खात्यावरही जमा झाली. तेव्हापासून आम्ही जेवताना टीव्ही लावून ठेवतो.

गाळ काढायचं यंत्र आबांच्या रानात एक दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी आदेश आला आणि ते निघून गेलं. अर्धं रान मोकळं, अर्धं गोट्यांनी भरलेलं.

नोटीस बजावायचं काम तलाठ्याचं असतं. मी गेलो. आबा गोटे वेचत होते आणि मोकळ्या झालेल्या बाजूला काहीच लावलेलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बोट ठेवून वाचली. यादीतून नाव वगळणे, मदत वसूल करणे, पुढची पाच वर्षं अपात्र.

“ह्यात खोटं काय न्हाई,” ते म्हणाले आणि पोच म्हणून सही करून कागद माझ्याकडे दिला. मी दुचाकीकडे वळलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “मालकिणीच्या रानाचा जबाब कवा लिवताय?”

मी म्हणालो, “आबा, येत्या जूनअखेर मी रिटायर होतोय.”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग पुन्हा वाकले आणि पुढचा गोटा उचलला.